उघड्या डोळ्यांची प्रार्थना

ता. ३ जुलै

ती. दादास,

बारकीचा सप्रेम सलाम. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. आईचा गुडघा कुरकुरतो, पण आईइतका नाही. पत्र लिहिण्यास कारण की, मागच्या शनिवारी मी तुला फोनवर त्या गुडघ्याचं सांगत होते आणि तू मध्येच म्हणालास की ऐंशी तरी लागतील, गोदामातल्या जुन्या आणू नका, त्या डुगडुगतात. मग लक्षात आलं की समोरच्या कुणाला तरी तू खुर्च्यांचं सांगत होतास. आई म्हणाली, त्याला फोन करूच नकोस, पत्र लिही. पत्र वाचायचं तर निदान डोळे तरी त्यावर ठेवावे लागतात. तेव्हा यापुढे पत्रच. तू चर्चमध्ये चारशे माणसांच्या मंडळीचा पाळक असशील, पण बारकीचं पत्र वाचताना तुला बूड टेकून बसावंच लागेल.

फर्निचरच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळते हे तू चारचौघांत कौतुकाने सांगतोस, पण तिथे काय चालतं हे कधी विचारलं नाहीस. म्हणून आपणहून सांगते. माझी एक खिडकी आहे. तिथून मी स्क्रू, बिजागऱ्या, पॉलिश कागद आणि सरस देते. पलीकडे करवतीच्या यंत्रांचा असा गोंगाट की ऐकू येणारी माणसंसुद्धा हातवारे करूनच बोलतात. कारखान्यात अकरा कामगार जन्मापासून बहिरे आहेत. त्या गोंगाटात तेच एकटे सुखी. त्यांची हातांची भाषा मी खिडकीत उभ्या उभ्या शिकले. माझा गुरू म्हणजे रंधाकाका. वय साठीच्या आतबाहेर, दाराच्या चौकटी करतो. बहिऱ्या माणसांत प्रत्येकाला हाताने करायचं एक नाव असतं. याचं नाव म्हणजे एका तळव्यावरून दुसरा हात रंध्यासारखा सरकवायचा. त्यावरून माझा रंधाकाका.

या माणसाशी बोलायचं म्हणजे काय असतं ते सांगते. तू त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलास की तो पटाशी खाली ठेवतो, हात फडक्याला पुसतो आणि पूर्ण तुझ्याकडे वळतो. तुझं संपेपर्यंत हलत नाही. मला आधी वाटलं फार शिष्टाचाराचा आहे. नंतर उमगलं की त्याला दुसरा इलाजच नाही. आपण भाजी निवडता निवडता ऐकतो. तो बघितल्याशिवाय ऐकूच शकत नाही. अर्धं लक्ष देणं ही सोय देवाने त्याला ठेवलेलीच नाही. आणि दादा, तो प्रार्थनाही तशीच करतो. हातातलं सगळं खाली ठेवून, डोळे टक्क उघडे ठेवून.

दर रविवारी कारखान्याच्या माडीवर त्यांची उपासना असते. मालकाने खोली दिली आहे. फळ्यांची जमीन आहे, म्हणून त्यांनी ती मागून घेतली. कुणाला हाक मारायची तर पाय आपटतात, तो धक्का सगळ्यांच्या तळपायांना कळतो. अठ्ठावीस माणसं अर्धगोलात बसतात, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसतात. त्यांचे म्हातारे पाळक हातांची भाषा शिकलेले होते, ते आता निवृत्त होऊन मुलीकडे गेले. तेव्हापासून रंधाकाकाच सगळं चालवतो. पण एखाद्या रविवारी कुणी पाळकाने यावं, अशी त्यांची फार इच्छा आहे. तू बोल, मी हातांनी सांगेन. नाही म्हणू नकोस. भीड भिकेची बहीण म्हणतात, म्हणून भीड न ठेवता मागते आहे.

वहिनीला सलाम. तुझी माया आहे ती आहेच, पण मधूनमधून इकडे पाठवत जा.

तुझी,
बारकी

*

ता. १५ जुलै

चि. बारकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. प्रभू तुला आणि आईला सुखरूप ठेवो. वि. वि.

तुझं पत्र तीन बैठकींत वाचलं. पहिल्या बैठकीत गळक्या छपराचा माणूस आला, दुसरीत गायनवृंदातल्या दोन बायकांचं भांडण आलं. तिसऱ्या वेळी तुझी वहिनी दाराला कडी लावून बाहेर खुर्ची टाकून बसली, तेव्हा कुठे शेवटाला पोचलो. आईला सांग, तिचं म्हणणं बरोबर आहे.

तू चेष्टा केलीस, पण नेमकी वर्मावर केलीस. मी काय काय आहे ते मोजून बघितलं. मंडळीचा पाळक, वसतिगृहाचा अधीक्षक, मासिकाचा संपादक, छपराच्या दुरुस्तीचा प्रमुख, प्रांताच्या समितीवर सभासद, आणि दोन वर्षांपूर्वी कुणी तयार नव्हतं म्हणून गायनवृंदाचाही कारभारी. एक ना धड, भाराभर चिंध्या. सगळं देवाचंच काम आहे, असं म्हणून प्रत्येक चिंधी उचलत गेलो. कुणी कौतुक केलं की आणखी एक उचलायचो, हेही खरं.

आता जे लिहितो ते फक्त तुझ्यासाठी. आईला सांगू नकोस. बारके, मला प्रार्थना येईनाशी झाली आहे. म्हणजे तोंडाने येते, फार छान येते. लोक नंतर येऊन हात हातात घेतात. पण डोळे मिटले की मला छप्पर दिसतं, खुर्च्या दिसतात, न दिलेलं संपादकीय दिसतं. प्रभू दिसत नाही. पूर्वी दिसायचा असं नाही, पण समोर कुणीतरी आहे हे कळायचं. गेलं वर्षभर समोर कुणी नाही. मी रिकाम्या खोलीत भाषण करतो आणि आमेन म्हणतो.

पहिल्यांदा वाटलं थकवा असेल. सुट्टी घेतली, तर सुट्टीतही तेच. अशा माणसाने चारशे जणांपुढे उभं राहून देवाशी बोलायचं नाटक करावं का? मी राजीनामा लिहून ठेवला आहे. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी पंचांची बैठक आहे, तेव्हा द्यावा असं मनात आहे. एका मित्राच्या शाळेत कार्यालयात जागा आहे. वहिनीला माहीत आहे. ती म्हणते की काहीही कर, पण चिडून करू नकोस. बावीस वर्षांचा होतो तेव्हा सगळं सोडून या कामात आलो. आता हेच सोडायचं तर मागे काय उरतं ते मला ठाऊक नाही.

म्हणून तुझ्या माडीवर यायला मन कचरतं. तिथल्या माणसांना खरा पाळक हवा असणार. पण त्या तुझ्या काकाबद्दल आणखी लिही. हातातलं खाली ठेवणारा माणूस बघून मला बरेच दिवस झाले.

आईच्या गुडघ्याला माझा खास सलाम. तुझं प्रेम उणं होऊ देऊ नकोस, सध्या त्याची गरज आहे.

तुझा,
दादा

*

ता. २४ जुलै

ती. दादास,

सप्रेम सलाम. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. आईला त्यातलं छपराचं आणि गायनवृंदाचं तेवढं वाचून दाखवलं. ती हसली, मग म्हणाली की यात मधलं एक पान वाचायचं राहिलं. आईपासून काही लपत नाही, पण तिने पुढे विचारलं नाही.

मी तुला उपदेश करणार नाही. तो तुझा धंदा. रंधाकाकाचं विचारलंस ते लिहिते.

त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. अकरा वर्षांपूर्वी करवतीत गेली. आपलं बोट गेलं तर बोट जातं. त्याची जीभच अर्धी कापली गेली. आजही तो हातांनी बोलतो ते बोबडं असतं. नवीन माणसाला अर्धं कळत नाही. बायको आधीच वारली होती, घरी बोलायला कुणी नाही. मी एकदा धीर करून विचारलं की तेव्हा देवाचा राग नाही का आला? त्याने हातातली चौकट भिंतीला टेकवून ठेवली, हात पुसले आणि सांगितलं. राग आला, म्हणाला, वर्षभर होता. रोज सकाळी कामाला येण्याआधी तो खुर्चीवर बसायचा आणि उरलेल्या बोटांनी देवाला जे येईल ते सुनावायचा. शिव्यासुद्धा. पण तोंड फिरवून एकही शिवी दिली नाही. ज्याच्यावर रागवायचं त्याच्याकडेच बघत रागवायचं, हे त्याने पाळलं. वर्षभराने एके सकाळी सुनावायला बसला आणि सुनावायचं काही उरलंच नव्हतं. मग नुसताच बसला. तेव्हापासून रोज तसा बसतो.

दादा, मी त्याच्याकडे बघते आणि मला स्वतःची लाज वाटते. मी प्रार्थनेत बसले की पाचव्या मिनिटाला किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवतं. हा माणूस अडाणी आहे, वचन अडखळत वाचतो, त्याला सुंदर बोलता येत नाही. पण जे करतो ते सगळा मिळून करतो. मागच्या महिन्यात मालकाने त्याला मुकादम व्हायला सांगितलं. तो नको म्हणाला. सगळ्यांच्या कामावर डोळा ठेवायचा तर माझ्या कामावर कोण ठेवणार, असं त्याचं म्हणणं. इतर कामगारांनी त्याला वेड्यात काढलं. त्यालाही हसू आलं, आणि पुन्हा चौकट घासायला लागला.

तुला खरा पाळक व्हायचं म्हणून बोलावत नाही. ये आणि बस. ऑगस्टचा तिसरा रविवार मी त्यांना सांगून टाकला आहे. म्हणजे आता तू आला नाहीस तर माझं नाक कापलं जाईल, ते बघ.

येताना एवढं पाळ. रेघारेघांचा सदरा नको, माझे हात त्याच्यापुढे दिसत नाहीत. खिडकीकडे पाठ करून उभा राहू नकोस, उजेड डोळ्यांवर येतो. आणि बोलताना माझ्याकडे बघू नकोस, त्यांच्याकडे बघ. ऐकू येणारी माणसं नेहमी माझ्याकडे बघून बोलतात, आणि त्या सगळ्यांना वाटतं की आपण खोलीत नाहीच.

आई तुझ्यासाठी मोजे विणते आहे. एक झाला आहे, दुसरा तिच्या मनाला येईल तेव्हा. जीव लावून वाट पाहत्ये, तेव्हा लोभ प्रत्यक्षच घेऊन ये.

तुझी,
बारकी

*

ता. २१ ऑगस्ट

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचलो. गाडी वेळेवर होती. तिथे स्टेशनवर तू दोनदा विचारलंस की झालं काय, आणि मी दोनदा काही नाही म्हणालो. बोलता आलं नसतं. आता लिहितो.

सदऱ्यापासून खिडकीपर्यंत तुझं सगळं पाळलं. उपदेश बरा झाला. ते सगळे माझ्याकडे, मग तुझ्या हातांकडे असे बघत होते की मला प्रत्येक वाक्य बोलण्याआधी खरं आहे ना म्हणून तपासावं लागलं. माझ्या नेहमीच्या गोड वाक्यांपैकी चार मी त्या भीतीने गाळली. आणि मग, बारके, इतक्या वर्षांची सवय नडली. उपदेश संपवून मी म्हणालो की आता आपण डोळे मिटून प्रार्थना करू या.

जे बोललं गेलं ते जसंच्या तसं हातांनी सांगायचं, हा तुझा नियम. तेही सांगितलंस. आणि त्या भल्या माणसांनी पाहुण्याचा मान राखून डोळे मिटले. मी पण मिटले आणि माझी तयार प्रार्थना सुरू केली. ती किती घोटीव आहे ते तुला माहीत आहे. आमेन म्हणून डोळे उघडले तर खोलीत उत्तराचा एकही हात वर नाही. अठ्ठावीस माणसं डोळे मिटून बसलेली आणि शेजारी तू, हात अर्धवट हवेत, तोंडचं पाणी पळालेलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डोळे मिटल्यावर त्यांना माझी प्रार्थना कळणार कशी? ती संपली हे तरी कोण सांगणार? मी देवाचं नाव घेऊन त्यांचे कानच बंद करून टाकले होते.

तू पाय आपटायला उचललास. मी तुझं कोपर धरलं. का धरलं ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. रंधाकाकाची हनुवटी थोडी वर होती आणि तीन बोटांचा हात गुडघ्यावर पालथा. पॉलिश करणाऱ्या त्या बाईंची नखं तपकिरी झालेली. ती म्हातारी आजीबाई, जिने येताना माझा चेहरा दोन्ही हातांत धरून बघितला होता. सगळे वाट बघत होते. माझी नाही, मी तर त्यांना दिसतही नव्हतो. माझे शब्द संपले होते. नवे शब्द काढून उपयोग नव्हता, कारण ऐकणारं कुणी नव्हतं, वाहवा करणारं कुणी नव्हतं. वर्षभरात पहिल्यांदा मी काहीच न बोलता देवासमोर उभा होतो. आणि खोली रिकामी नव्हती. एवढंच सांगता येतं. मी मनात फक्त म्हणालो की मी आलो आहे. मग रडू आवरेना. भिंतीवरच्या घड्याळात नंतर बघितलं, सात मिनिटं झाली होती. मग मीच पाय आपटला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण गाडीत बसल्यावर दुसरी बाजू दिसायला लागली, आणि ती अजून डोळ्यांसमोरून जात नाही. त्या माणसांना जगाकडे जायला एकच दार आहे. माझ्या एका शब्दाखातर त्यांनी ते लावून घेतलं. आणि मी काय केलं? त्यांना सात मिनिटं अंधारात ठेवून आपलं पोट भरून घेतलं. तू त्यांना सोडवायला निघालीस, तर तुलाही थांबवलं. मेंढरांना बाहेर ठेवून जो आत जेवायला बसतो तो कसला मेंढपाळ? देव भेटला हे खरं. पण तो त्या लोकांच्या जिवावर भेटला, आणि मी अजूनही आधी स्वतःचंच बघतो हेही त्याच वेळी कळलं.

राजीनामा आधी द्यायचा होता तो देव दिसत नाही म्हणून. आता देतो तो मी दिसलो म्हणून. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी बैठक आहेच. त्याआधी एक काम कर. रंधाकाकाला माझं हे सगळं सांग आणि माझ्या वतीने त्या सर्वांची क्षमा माग. मला हातांची भाषा येत असती तर मीच मागितली असती.

तुझ्या प्रेमाचा मी किती लायक आहे हे आता तूच ठरव. तरी असू दे.

तुझा,
दादा

*

ता. २७ ऑगस्ट

ती. दादास,

सप्रेम सलाम. वि. वि.

हे पत्र सोमवारच्या आत पोचावं म्हणून आज अर्धी रजा टाकून स्वतः पोस्टात जाते आहे. बूड टेकून वाच.

काल जेवणाच्या सुट्टीत तुझं पत्र घेऊन रंधाकाकाकडे गेले. तो कपाटाचं दार घासत होता. पॉलिश कागद खाली ठेवला, हात पुसले, माझ्याकडे वळला. मी तुझं पत्र ओळीन् ओळ सांगितलं. मेंढरांचं सांगितलं, अंधाराचं सांगितलं, क्षमा मागितली. तो अगदी गंभीरपणे बघत होता. माझं संपलं आणि तो हसायला लागला. असा हसला की बसला होता ते स्टूल डुलायला लागलं. पॉलिशवाल्या बाई धावत आल्या. त्याने त्यांना हातांनी काहीतरी झरझर सांगितलं. त्याही तोंडाला पदर लावून खाली बसल्या. मी मधे वेड्यासारखी उभी.

मग त्याने मला विचारलं की तुझ्या भावाला खरंच असं वाटतं का, की अठ्ठावीस बहिरी माणसं एवढा वेळ डोळे मिटून बसतील? आम्ही दाढी करून घेतानाही डोळे मिटत नाही, म्हणाला.

तर ऐक, काय झालं ते. तुझा आवाज मोठा आहे. तो फळ्यांतून खुर्चीच्या पाठीत येतो, काकाला तो पाठीला कळत होता. आवाज थांबला तसं त्याने जाणलं की प्रार्थना संपली, थोडी वाट बघितली आणि डोळे उघडले. बघतो तर तू समोर उभा, गालांवरून पाणी वाहतंय, आणि मी शेजारी एक पाय वर धरून बगळ्यासारखी. त्याने एक क्षण तुझ्याकडे बघितलं आणि डोळे पुन्हा मिटले. मिटण्याआधी शेजारच्याच्या गुडघ्याला बोट लावून खूण केली की उघडू नका. त्याने पुढच्याला केली. अशी ती खूण गुडघ्यागुडघ्यांवरून अर्धगोलाच्या त्या टोकाला पोचली. तुझे डोळे पाण्याने भरलेले आणि माझे तुझ्यावर, म्हणून आपल्याला दिसलं नाही. काहींनी आधीच उघडले होते, त्यांनी पटकन मिटले. पॉलिशवाल्या बाई कबूल करतात की त्यांनी मधे तीनदा बघून घेतलं. आजीबाई तर म्हणे एका डोळ्याने पूर्ण वेळ बघत होती, पण तिला तेवढं माफ आहे. म्हणजे सात मिनिटं अठ्ठावीस जण तुझ्यासाठी डोळे मिटल्याचं सोंग घेऊन बसले होते, आणि खोलीत फसलेली माणसं दोनच. एक तू आणि एक मी. मला याचा अजून राग आहे.

मी विचारलं की असं का केलंत? त्याला प्रश्नच विचित्र वाटला. दोन माणसं हातांनी बोलत असतील तर त्यांच्या मधून जायचं नसतं, एकमेकांचं दिसायचं बंद होतं. हे आमच्यात लहान पोरालाही कळतं, म्हणाला. तुझा भाऊ कुणाशी तरी बोलत होता. आम्ही मधून गेलो नाही, एवढंच.

तू राजीनामा देणार हेही मी सांगितलं. त्यावर त्याने हात पुन्हा एकदा फडक्याला पुसले. मग म्हणाला की त्याला सोडायचं तर त्याने खुशाल सोडावं, त्याचं तो जाणे. पण आमच्या नावाने सोडू नये. आम्ही अंधारात नव्हतो. त्याला निवांतपणा आम्ही दिला होता. तो त्याने चोरला असं म्हणत असेल तर दिलेल्याचा अपमान होतो. एवढं सांगून त्याने कागद उचलला आणि दाराकडे वळला. त्याचं बोलणं संपलं होतं.

दादा, मी त्याच्या पाठीकडे बघत उभी राहिले. मला वाटायचं की हा माणूस देवात इतका गुंतलेला आहे की त्याला दुसरं काही दिसत नाही. त्या खोलीत तू सगळ्यांत आधी दिसलास, तो त्यालाच. मी खिडकीशी परत आले आणि एका कामगाराला चुकीच्या बिजागऱ्या दिल्या.

आईला आता सगळं सांगितलं आहे. तिला ते मधलं पान माहीतच होतं. दुसरा मोजा झाला आहे, सोबत पाठवते. तू काहीही ठरवलंस तरी आमच्याकडची माया ठरलेली आहे, ती सांभाळून घे.

तुझी,
बारकी

*

ता. ८ सप्टेंबर

चि. बारकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. प्रभू तुम्हां दोघींना राखो. वि. वि.

तुझं पत्र सोमवारी सकाळी पोचलं. आधी मी हसलो, मग बराच वेळ हसलो नाही. वहिनीला वाचायला दिलं. तिने वाचून नीट घडी केली आणि म्हणाली की आता हवं तिथे जा. राजीनामा खिशात होताच. तो घेऊनच बैठकीला गेलो, कारण खरंच ठरलं नव्हतं.

बैठकीत मी सांगितलं की छप्पर, वसतिगृह, मासिक, प्रांताची समिती आणि गायनवृंद, यांतलं मी काहीही करणार नाही. वचन, प्रार्थना आणि माणसांच्या घरी जाणं, एवढंच करीन. तेवढ्यासाठी पाळक नको असेल तर तसं सांगा. एकच गदारोळ झाला. एका पंचांनी विचारलं की मग दिवसभर पाळकसाहेब करणार तरी काय? दुसऱ्यांनी छपरासाठी आपल्या भाच्याचं नाव सुचवलं. शेवटी पुढच्या महिन्यापर्यंत विचार करू, असं ठरलं. ते काय ठरवतील ठाऊक नाही. मला आश्चर्य वाटतं की मला त्याची भीती वाटत नाही.

मग रिवाजाप्रमाणे शेवटची प्रार्थना मला करायला सांगितली. सगळ्यांनी डोळे मिटले. मला मिटवेनात. मी उघड्या डोळ्यांनीच सुरुवात केली, दोन वाक्यं बोललो आणि थांबलो. टेबलाच्या टोकाला आपले सेक्रेटरी बसतात. कमी बोलणारे, इस्त्रीचा सदरा, नऊ वर्षांत एकही इतिवृत्त चुकलेलं नाही. त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि ओठ दातांखाली दाबले होते, जोराने. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि समोर कोणीतरी आहे हे मला पुन्हा कळत होतं, तुमच्या माडीवर कळलं होतं तसंच. पुढे काय बोललो ते आठवत नाही. थोडंच बोललो असणार, कारण आमेन झाल्यावर काहींनी घड्याळं बघितली.

सगळे उठून गेल्यावर मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो आणि विचारलं. आधी काही नाही म्हणाले. मी उठलो नाही. मग सांगितलं. पत्नी चौदा महिने अंथरुणाला खिळून आहे, आता त्यांना ओळखतही नाही. सकाळी तिला भरवून, पुसून, शेजारणीला बसवून ते कामाला जातात. मंडळीत कुणालाही माहीत नाही. मी विचारलं की मला का नाही सांगितलं? ते म्हणाले, तुम्ही कामात असता.

चौदा महिने, बारके. त्यांतल्या प्रत्येक महिन्यात मी त्या माणसासमोर, चार हातांवर बसून, डोळे मिटून, फार सुंदर प्रार्थना केली होती.

आता त्यांच्याकडेच निघालो आहे, म्हणून पत्र इथेच थांबवतो. रंधाकाकाला माझा सलाम त्याच्या भाषेत सांग. आईला पोटाशी धर. लोभ असाच राहू दे, आणि मी कमी पडलो तर तोंड न फिरवता सांग.

तुझा,
दादा